संशोधनाचा टनभाव



विद्यापीठांना सध्या एक काळजी लागून राहिलीय. प्राध्यापक संशोधन करत नाहीत, करतात ते दर्जेदार नसतं, तर त्यांना प्रेरणा कशी द्यायची? ह्यावर चर्चासत्रं भरतात, कार्यशाळा होतात, चहा-बिस्किटांवर ठराव पास होतात. कुणी म्हणतं बक्षीस द्या. कुणी म्हणतं बढती अडवा. कुणी म्हणतं गुण मोजा, क्रमवारी लावा, जगातल्या पहिल्या पाचशेत नाव आणा. ह्या सगळ्या गदारोळात एका माणसाला कधीच बोलावणं जात नाही. ज्याच्या जगण्यावर संशोधन व्हायचं, ज्याच्या पैशातून व्हायचं आणि ज्याच्या कामाला ते यायला हवं, तो माणूस. हे संपादकीय त्याच्या बाजूने लिहिलंय.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. प्राध्यापकाला संशोधनाची प्रेरणा गुणांनी येत नाही. ती तीन गोष्टींनी येते. उद्याची भाकर नक्की असली पाहिजे. हातात वेळ असला पाहिजे. आणि समोर असा प्रश्न असला पाहिजे, की ज्याचं उत्तर मागायला एक जिताजागता माणूस दारात उभा आहे. पहिल्या दोन गोष्टी सरकारने काढून घेतल्या. तिसरी विद्यापीठाने सहसा आत येऊच दिली नाही, कारण दारातला तो माणूस बहुतेक वेळा आपल्या वस्तीतला होता.

मी गोदीत काम करतो. दहावीच्या पुढे कॉलेजची पायरी चढलेलो नाही. तरी ह्या विषयावर बोलायचा माझा हक्क आहे असं मी समजतो. कारण प्राध्यापकांना आज जे औषध पाजलं जातंय ते गोदीत फार आधी पाजून झालंय. गोदीत त्याला डेटम आणि इन्सेंटिव्ह म्हणतात. एका पाळीत टोळीने अमुक इतके टन माल उचलायचा, हा डेटम. त्याच्या वर जेवढा उचलाल तेवढा जादा पैसा, हा इन्सेंटिव्ह. घामाचा पैसा आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण त्याने काय काय होतं ते जुन्या कामगारांना विचारा. आकडा वाढतो. हुक लागून गोणी फाटतात, पेट्या आपटतात, पण आकडा वाढतो. आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. टोळीला सोपा माल हवा असतो. एकसारख्या गोणी, सरळ रचलेल्या, उचलायच्या आणि टाकायच्या. काजळी, गंधक, कच्ची कातडी, वेडावाकडा अवजड माल कुणालाच नको असतो. त्यात टन भरत नाहीत, छाती भरते.

हा साधा हिशेब आहे, आणि तो कुणाच्याही बाबतीत खरा ठरतो. टनावर पैसा द्या, माणूस सोपा माल शोधणार. निबंधांच्या संख्येवर बढती द्या, प्राध्यापक सोपा विषय शोधणार. अवघड, घाणीचा, वर्षानुवर्षं पाय झिजवायला लावणारा, मोठ्या माणसांना झोंबणारा प्रश्न तसाच जहाजाच्या पोटात पडून राहणार. आपले बहुतेक प्रश्न तिथेच पडून आहेत.

आता विद्यापीठातला टनभाव बघू. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने नियम केले आणि एपीआय नावाची गुणपत्रिका आणली. शोधनिबंधाला इतके गुण, पुस्तकाला इतके, चर्चासत्रात पेपर वाचला तर इतके. गुण भरले की बढती. झालं! बाजार उभा राहायला किती वेळ लागतो? पैसे भरा, निबंध छापून घ्या. 'आंतरराष्ट्रीय' असं भारदस्त नाव, आतमध्ये घंटा. कुणी वाचत नाही, कुणी तपासत नाही, फक्त मोजलं जातं. मग आयोगाने २०१७ साली मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली, म्हणजे गोदामाच्या दारावर राखणदार बसवला. वर्षभरात, मे २०१८ मध्ये, त्याच यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकायची पाळी आली. त्याच साली पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स'मध्ये एक तपासणी छापली. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत घुसलेली १,००९ नियतकालिकं त्यांनी पारखली. त्यातली ८८ टक्क्यांहून जास्त निकृष्ट निघाली. शिफारस कुणाची? विद्यापीठांची! नंतर केअर नावाची नवी यादी आली, तिचं काम पुण्यातूनच चालायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केली. पंधरा वर्षं सरली. याद्या आल्या, याद्या गेल्या, गुण मोजणारे मोजत राहिले.

ह्या सगळ्या ढिगाऱ्यात ती एक तपासणी मात्र खणखणीत उठून दिसते. का? तिच्यापुढे एक खरा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर कुणाला तरी झोंबणार होतं. दर्जा म्हणतात तो हाच.

गोदीचा दुसरा धडा पहिल्यापेक्षा मोठा आहे. पूर्वी गोदीच्या दारात रोज सकाळी माणसांचा बाजार भरायचा. मुकादम बोट दाखवील तो आत, बाकीचे उपाशी घरी. १९४८ साली गोदी कामगारांच्या नोकरीचं नियमन करणारा कायदा झाला. पुढे बोर्ड झालं, कामगारांची नोंदणी झाली, काम नसलं तरी हजेरीचा पैसा आणि महिन्याला काही दिवसांच्या मजुरीची हमी मिळाली. आधी हमी, मग टनावरचा जादा पैसा, असा तो क्रम. कामगारांनी भांडून, संप करून घेतलेला. आज कंत्राटी पद्धतीने तोच क्रम गोदीत उलटा होऊ लागलाय, ते दुखणं आम्ही भोगतोच आहोत. पण महाराष्ट्रातल्या कॉलेजांनी तर तो कधीच उलटा केलाय. तिथे हमी नाही, आणि इन्सेंटिव्हची भाषा मात्र चोवीस तास.

तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक म्हणजे काय, हे तुमच्यापैकी पुष्कळांना सांगायला नको. तुमच्यातलेच कितीतरी जण ते आहेत. नेट झालेलं, सेट झालेलं, एखाद्याची पीएचडी झालेली, आणि पैसा मोजायचा तासावर. घेतला तास, मिळाला पैसा. सुट्टी लागली, पैसा बंद. उन्हाळ्यात पैसा बंद. बाळंतपणात तर विचारूच नका. भोरच्या स्टँडवर सकाळी उभे राहा. स्वारगेटहून येणाऱ्या पहिल्या एसटीतून हातात पिशवी घेतलेली जी तरणी माणसं उतरतात, ती सगळीच काही रायरेश्वर बघायला आलेली नसतात. त्यातला एक आमच्या ओळखीचा आहे. सकाळचे दोन तास एका कॉलेजात, मग चेलाडी फाट्यावर उतरून मिळेल त्या जीपने वेल्ह्याच्या बाजूला दुसऱ्या कॉलेजात दोन तास, संध्याकाळी पुण्यात क्लास. रात्री साडेदहाला घरी. वेल्ह्याला आता सरकारी कागदावर राजगड तालुका म्हणायचं. त्याने त्याच्या जीपचं भाडं काही कमी झालेलं नाही.

ह्या माणसाला विद्यापीठ विचारतं, तुमचं संशोधन कुठाय? तुम्ही प्रेरित का होत नाही?

सर, त्याच्या पोटात प्रेरणा कमी नाही. ह्याच माणसाने मला एकदा जीपमध्ये बसल्या बसल्या सांगितलं, की त्याला वेल्ह्यातल्या कातकऱ्यांच्या स्थलांतरावर काम करायचंय. पावसाळा संपला की वाड्या कशा रिकाम्या होतात, पोरं कोणत्या महिन्यात शाळेतून गळतात, कोळशाच्या आणि विटांच्या भट्टीचा मालक आगाऊ उचल कशी देतो आणि ती कधीच कशी फिटत नाही. त्यासाठी त्याला वर्षभर वाड्यांवर जायला हवं. वर्षभर तासांचा पैसा बुडवून जायचं, तर घरचं काय? म्हणून तो काय करतो? आधी वाचलेल्या दोन पुस्तकांवर आठ पानं लिहितो, पैसे भरतो आणि छापून घेतो. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, असं २०१८ चा वाङ्मयचौर्याचा नियम सांगतो. यंत्रातून निबंध पास होतो. कातकऱ्याची वाडी मात्र कुठल्याच यंत्रात दिसत नाही.

आणि कायम नोकरीवाले? नियमाप्रमाणे सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचं. त्यावर पेपर तपासणं, परीक्षा, नॅकची कागदपत्रं, निवडणुकीची कामं. जागा भरायच्या नाहीत, म्हणून उरलेल्यांच्या डोक्यावर ओझं. राखीव जागांची गत तर सगळ्यांना ठाऊक आहे. 'योग्य उमेदवार मिळाला नाही' असा शिक्का मारून त्या रिकाम्या ठेवायच्या, आणि पुन्हा म्हणायचं संशोधन होत नाही. २०२०-२१ चा आकडा घ्या. संशोधन आणि विकासावर हा देश आपल्या एकूण उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करत होता. म्हणजे शंभर रुपयांत चौसष्ट पैसे. चौसष्ट पैशांत मोर नाचवायचा आहे ह्यांना.

आता कुणी शहाणा म्हणेल, की पैशावाचून, सवलतींवाचूनही मोठी माणसं संशोधन करून गेली, तुमच्या बाबासाहेबांनी नाही का केलं? हे वाक्य ऐकलं की तळपायाची आग मस्तकात जाते. म्हणून बाबासाहेबांचा हिशेब नीट मांडू या. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती मिळाली, म्हणून ते कोलंबियाला गेले. मे १९१६ मध्ये तिथल्या चर्चावर्गात त्यांनी जातीसंस्थेवर निबंध वाचला. लंडनला काम सुरू झालं आणि १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली. काम अर्धं टाकून परत यावं लागलं. मागून दुसऱ्या जहाजाने पाठवलेलं सामान, पुस्तकं, कागद, पाणबुडीने जहाजासकट बुडवले. बडोद्यात राहायला कुणी जागा देईना. मग मुंबईत सिडनेहॅम कॉलेजात नोकरी केली, पैसा साठवला, शाहू महाराजांची आणि मित्राची मदत घेतली, तेव्हा कुठे १९२० मध्ये पुन्हा लंडन. १९२३ साली डीएससी आणि रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ. मधली तीन वर्षं कुणी खाल्ली? बाबासाहेबांची प्रेरणा १९१७ ते १९२० मध्ये आटली होती काय? प्रेरणा होती, पैसा नव्हता. जगातल्या मोठ्यात मोठ्या बुद्धीलाही भाकरी आणि वेळ लागतो. उपाशीपोटी संशोधन होतं असं सांगणारा माणूस नेहमी जेवून उठलेला असतो.

पण पैसा मिळाला म्हणजे झालं, असंही नाही. कायम पगार, बंगला, गाडी असलेले आणि तीस वर्षांत एकही प्रश्न न पडलेले प्राध्यापक आपण पाहिलेत. तेव्हा तिसऱ्या गोष्टीकडे या. प्रश्न कुठून येतो?

१८५५ साली पुण्यात सावित्री-जोतीच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या मांगाच्या पोरीने महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिला गुण कोण देणार होतं? तिच्यासमोर तिच्या जातीचं जगणं होतं आणि ते तिने पुराव्यासारखं मांडलं. १८८२ साली जोतीरावांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. त्यातला मुद्दा आज प्रत्येक विद्यापीठाच्या दारावर कोरायला पाहिजे. शेतसारा भरतो रयत, आणि त्या पैशावर वरच्या शिक्षणाचा मेवा खातात वरच्या जाती. हा हिशेब मांडायला जोतीरावांना कुठली पदवी लागली नाही. रयतेचा माणूस म्हणून तो प्रश्न त्यांच्यापुढे होताच. बाबासाहेबांनी रुपयावर लिहिलं, तेव्हा चलनाच्या धोरणात खालच्या माणसाचं काय होतं हा प्रश्न त्यांच्याजवळ होता, आणि १९२५-२६ मध्ये चलन आयोगापुढे जाऊन त्यांनी साक्षही दिली. शोध कपाटात ठेवला नाही, चव्हाट्यावर नेला.

आणि कोसंबी घ्या. दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्माने सारस्वत बामण. आम्ही जात विचारतो, तशी वाटही विचारतो. हा माणूस गणिती. टाटा संस्थेत १९४६ ते १९६२ गणितावर नोकरी. इतिहास लिहा असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो काठी घेऊन पुण्याभोवतीचे डोंगर पायी तुडवायचा, दगडी हत्यारांचे बारीक तुकडे गोळा करायचा, खेड्यातल्या लोकांना त्यांच्या देवांबद्दल विचारायचा, आणि त्यातून ह्या देशाचा इतिहास नव्याने लिहायचा. १९६२ साली त्याची नोकरी गेली, त्याच साली त्याचं 'मिथ अँड रिअॅलिटी' छापून आलं. एपीआयच्या तक्त्यात अशा माणसाला कुठल्या रकान्यात बसवणार? गणिताच्या प्राध्यापकाने म्हसोबाच्या दगडाचा अभ्यास केला तर गुण किती?

आता भोर-वेल्ह्यात या. माझं गाव ह्या बाजूचं, म्हणून नुसता जिव्हाळ्याने बोलत नाही. विद्यापीठाच्या दारापासून दोन-अडीच तासांच्या अंतरावर किती प्रश्न उभे आहेत ते मोजायला सांगतोय.

पहिला प्रश्न पाण्याचा. वेळवंडी नदीवर भोरजवळ भाटघरचं धरण इंग्रजांनी बांधलं, १९२७-२८ च्या सुमाराला पुरं झालं. त्याचं पाणी नीरेच्या कालव्यांनी खाली बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसच्या उसाला जातं. नंतर नीरा-देवघर झालं. वेल्ह्यात पानशेत झालं, तेच जे १२ जुलै १९६१ ला फुटलं आणि पुणं बुडालं. पुढे वरसगाव, गुंजवणी. खडकवासल्याच्या साखळीतून पुण्याच्या नळाला जे पाणी येतं त्यात वेल्ह्याचं पाणी आहे. विद्यापीठ ज्या शहराचं पाणी पितं ते शहर वेल्ह्याचं पाणी पितं, सर. पानशेत फुटलं तेव्हा पुण्यात काय वाहून गेलं, त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं. आमचा प्रश्न धरण फुटण्याच्या आधीचा आहे. धरणाच्या पोटात कोण गेलं? महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा पहिला कायदा १९७६ साली आला. म्हणजे भाटघर आणि पानशेत ह्या दोन्ही धरणांनंतर. ज्याच्या नावावर सातबारा होता त्याला काहीतरी मिळालं असेल. ज्याच्या नावावर गावकीचं काम होतं, बलुतं होतं, हाडकी-हाडोळा होता, जंगलातली वाडी होती, त्याचं काय झालं? कोणत्या गावातली कोणती घरं कुठे गेली, आज त्यांची तिसरी पिढी काय करते? कोयनेच्या विस्थापितांची अशी पाहणी इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी केली होती, १९६९ साली ती पुस्तकरूपाने आली. म्हणजे होऊ शकतं. घरोघर जावं लागतं, एवढंच.

दुसरा प्रश्न वतनाचा. भोर हे १९४८ पर्यंत पंतसचिवांचं संस्थान होतं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध बिल आणलं. वतनं गेली ती १९५८ च्या कायद्याने, १९५९ पासून. जमिनी पुन्हा मूळ वतनदाराच्या नावावर करायच्या, पण नव्या शर्तीने, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता येणार नाहीत. कागदावर एवढी राखण असून ह्या जमिनी आज कुणाच्या कुंपणात आहेत? नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या मुंढव्यातल्या महार वतनाच्या सुमारे ४० एकर जमिनीचा व्यवहार गाजला. गाजला, कारण जमीन पुण्यातली होती आणि नावं मोठी होती. भोर-वेल्ह्यात डोंगराला टेकून, धरणाच्या पाण्याकाठी जी फार्महाऊसं आणि प्लॉटिंगचे फलक उभे राहिलेत, त्यांच्या खालची जमीन मुळात कुणाची, हे गावोगावचे फेरफार काढून एकदा तपासा. पाच प्राध्यापक आणि वीस विद्यार्थी ह्या एका प्रश्नावर पाच वर्षं जगतील. त्यातून निघेल ते जगात कुठेही छापायच्या लायकीचं असेल, आणि चार माणसांची जमीनही परत मिळेल.

तिसरा प्रश्न गडांचा. राजगड आणि तोरणा ह्याच तालुक्यात. इतिहासकार गड चढतात, ट्रेकर गड चढतात, पुढारी गड चढतात. गडाच्या घेऱ्यात, मेटांवर महार, रामोशी, कोळी पहाऱ्याला असायचे, त्यांचे वंशज आज पायथ्याच्या कुठल्या वस्तीत राहतात आणि त्यांच्या घरात काय सांगितलं जातं, हे टिपून घ्यायला वही-पेन पुरतं. पण त्यासाठी गड चढण्याऐवजी वस्तीत बसावं लागतं, आणि वस्तीतला चहा प्यावा लागतो.

हे प्रश्न अवघड माल आहेत. ह्यात तलाठी येतो, बिल्डर येतो, साखरसम्राट येतो, संस्थाचालक येतो. कधी कधी हे चौघे एकच माणूस असतात, आणि कॉलेजच्या पगारपत्रकावर सहीही त्याचीच असते. म्हणून प्राध्यापक गप्प. ह्याला प्रेरणेचा अभाव म्हणायचं? ही भीती आहे. कार्यशाळा घेऊन भीती जात नाही. नोकरी पक्की असली आणि मागे संघटना असली, की जाते.

आणि आपल्यातला जो ह्या सगळ्याला न भिता संशोधनाला उभा राहतो, त्याचं काय होतं? हैदराबादच्या विद्यापीठात रोहित वेमुलाची फेलोशिप २०१५ साली थांबली आणि १७ जानेवारी २०१६ ला आपण त्याला गमावलं. महाराष्ट्रात बार्टीच्या फेलोशिपसाठी ८६१ संशोधक मुलं-मुली आणि सरकारचा हट्ट दोनशेंचा, म्हणून २०२३ साली ही पोरं आझाद मैदानात आठवडेच्या आठवडे बसून राहिली. त्याच वर्षी नागपूरच्या अधिवेशनात तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी विचारलं, पीएचडी करून काय दिवे लावणार? नंतर सारवासारव झाली, पण शब्द निघायचा तो निघाला. एकीकडे लाखाचा पगार घेणाऱ्याला प्रेरणा द्यायला चर्चासत्रं, दुसरीकडे प्रेरणेने पेटलेल्या पोराला मैदानात उन्हात बसवायचं. दोन्ही धोरणं एकाच सरकारची.

आता आपल्या माणसांनाही दोन शब्द, कारण चळवळीच्या पानावर घरच्यांना सूट नसते. आपल्यातले काही जण प्राध्यापक झाले, गाईड झाले. चांगलं झालं. पण त्यातल्या काहींनी फुले-आंबेडकरांनाच गुणांच्या गिरणीत टाकलं. जयंतीच्या महिन्यात चर्चासत्र, शंभर पेपर, सगळे सारखे, एकाचं दुसऱ्याने उचललेलं, वर बाबासाहेबांचा फोटो आणि खाली आयएसबीएन नंबर. ज्या माणसाने एकेका आकड्यासाठी ग्रंथालयात दिवस घालवले, त्याच्या नावावर हा चोथा? वरच्या जातीच्या प्राध्यापकाने नक्कल केली तर ती त्याची लबाडी. आपल्या माणसाने बाबासाहेबांच्या नावाने नक्कल केली तर ती आपल्या हाताने आपल्याच पुराव्याला लावलेली आग. उद्या वतनाच्या खटल्यात कोर्टात उभं राहायचं असेल, तर हा चोथा तिथे उभा राहणार नाही.

तेव्हा आमच्या मागण्या अशा. तासिका पद्धत बंद करून सर्व रिकाम्या जागा, राखीव जागांसकट, कायम भरा. जो प्राध्यापक खऱ्या कामाला हात घालील त्याचे शिकवण्याचे तास कमी करा आणि त्याला वाड्यावस्त्यांवर जायचा खर्च द्या. निबंध मोजणं बंद करा. दर पाच वर्षांनी प्राध्यापकाने आपलं एकच काम मांडावं, ते जाणकारांनी वाचावं, नुसतं तोलू नये. ज्या गावावर संशोधन झालं त्या गावात ते मराठीत वाचून दाखवावं, आणि प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी. चुकीचं लिहिलं असेल तर गाव उठून सांगेल. ह्याहून कडक परीक्षक कुठल्या यादीत सापडायचा नाही. फेलोशिप महिन्याच्या महिन्याला द्या, दानासारखी नको, पगारासारखी. आणि जो प्राध्यापक धनदांडग्यांना झोंबणारं खरं काम करील त्याच्या नोकरीला हात लावू नका. लावलात तर आम्ही रस्त्यावर आहोत.

सरकार हे उद्या करणार नाही, हे आम्हालाही कळतं. म्हणून तोवर आपण आपलं काम सुरू करू. पुढच्या अंकापासून ह्या मासिकाची चार पानं भोर-वेल्ह्याच्या वतनाच्या आणि धरणाच्या कागदांसाठी राखून ठेवतोय. तुम्ही पुण्यात असा, मुंबईत असा, सुट्टीत गावी गेलात की तलाठी कार्यालयात जाऊन जुने फेरफार आणि सातबारे मागा. नकला काढा. आजी-आजोबांना विचारून गाव बुडायच्या आधीच्या घरांची यादी करा, कोणतं घर कुठे होतं त्याचा नकाशा काढा. जे कळलं तेच लिहा, ऐकीव असेल तर ऐकीव म्हणून लिहा, आणि आम्हाला पाठवा. आमच्याकडे गुण नाहीत, मानधन नाही, छापील प्रमाणपत्र नाही. पण तुमचं पान वाचणारा माणूस त्या जमिनीवर उभा असेल.

आणि ज्या प्राध्यापकांना खरोखर प्रेरणा हवी असेल, त्यांनी एक दिवस स्वारगेटहून भोरची एसटी पकडावी. तिकिटाचे पैसे आम्ही देऊ.

जय भीम.